सी हॉकच्या मेकॅनिकांची साक्ष वेळेत नोंदवा: पुण्यातील विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि यंत्र अभियांत्रिकी विभागांचे प्रमुख

स.न.वि.वि.

हे पत्र दोन्ही विभागांना एकत्र लिहितो आहे, कारण काम दोघांनी मिळून केलं तरच होण्यासारखं आहे. १९७१ च्या युद्धात आयएनएस विक्रांत या जुन्या विमानवाहू जहाजावरून उडालेल्या सी हॉक या लढाऊ जेट विमानांची देखभाल करणारे काही नौसैनिक आज पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये राहतात. तेव्हा विशी-बाविशीत असलेली ही माणसं आता पंच्याहत्तरीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्याकडे जे आहे ते नोंदवून घ्यायला इतिहासाचा विद्यार्थी एकटा पुरणार नाही आणि इंजिनिअरिंगचाही एकटा पुरणार नाही. दोघांना एका सतरंजीवर त्यांच्यासमोर बसवा, एवढीच माझी मागणी आहे. ती का करतो आहे, ते सविस्तर सांगतो.

मी फिटर ट्रेडचा निवृत्त शिल्पनिदेशक. माझं आयुष्य कार्यशाळेत गेलं. विमानांशी ओळख झाली ती आमच्या सोसायटीतल्या एका माजी नौसैनिकामुळे. मूळ गाव देवगडकडचं, नौदलात एअर मेकॅनिक, तिथून सुटल्यावर पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. सगळी सोसायटी त्यांना ‘चीफ’ म्हणते. त्यांच्या ओळखीने त्यांचे आणखी काही जुने सोबती भेटत गेले. नावं इथे देत नाही, त्यांनाच ते नको आहे.

सी हॉक आता फारसं कुणाच्या लक्षात नाही, म्हणून थोडं त्याच्याविषयी. हॉकर कंपनीचं हे डिझाइन. पहिला नमुना २ सप्टेंबर १९४७ रोजी उडाला आणि बहुतेक विमानं पुढे आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कंपनीने बांधली. एक वैमानिक, एक इंजिन, नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा, पंखांखाली बाँब किंवा रॉकेट. जहाजाच्या हँगरमध्ये मावावं म्हणून पंख वर दुमडायचे. माझ्यातल्या फिटरला भुरळ पडते ती त्याच्या इंजिनाच्या मांडणीची. रोल्स-रॉइसचं नीन इंजिन धडाच्या मध्यभागी. हवा आत घ्यायची तोंडं पंखांच्या मुळाशी. गरम वायू शेपटापर्यंत न नेता जेट पाइप मध्येच दुभंगलेला आणि दोन्ही पंखांच्या मुळाशी मागच्या बाजूने बाहेर काढलेला. लांब नळीत वाया जाणारा जोर वाचला आणि मागचा भाग इंधनाच्या टाकीला मोकळा मिळाला. डिझाइन म्हणून फार देखणं आहे हे. पण इंजिन विमानाच्या पोटात चहूबाजूंनी कोंडलेलं राहिलं, आणि तिथपर्यंत हात कसा पोचवायचा हा प्रश्न मेकॅनिकच्या वाट्याला आला.

आपल्या नौदलाची ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन, म्हणजे ‘व्हाइट टायगर्स’, जुलै १९६० मध्ये वेल्समधल्या ब्रॉडीच्या तळावर सी हॉक घेऊन उभी राहिली. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला विक्रांत नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १८ मे रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी तिच्या डेकवर पहिलं जेट उतरवलं. ते पुढे नौदलप्रमुख झाले. ही तारीख कुठल्याही पुस्तकात सापडते. पण त्या दिवशी विमान थांबल्या थांबल्या धावत जाऊन चाकांना चोक, म्हणजे विमान सरकू नये म्हणून अडकवायचे ठोकळे, कुणी लावले, आदल्या रात्री त्याचा अरेस्टर हुक, म्हणजे उतरताना डेकवरच्या तारेत अडकून विमान थांबवणारा आकडा, कुणी तपासला, हे कुठे सापडतं? मी शोधलं, मला मिळालं नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ब्रिटिश नौदलाच्या पहिल्या फळीतून सी हॉक १९६० च्या सुमारासच बाजूला झालं. पश्चिम जर्मनीनेही साठच्या दशकात त्याला निरोप दिला आणि त्यांची वापरलेली विमानं आपण विकत घेतली. आपल्याकडे त्याची जागा घेणारी पहिली सी हॅरिअर विमानं गोव्यात दाबोळीला उतरली ती १९८३ च्या डिसेंबरात. म्हणजे हे विमान शेवटपर्यंत सांभाळणारे आपणच. ज्यांनी बनवलं त्यांनी सोडून दिलं, ज्यांनी वापरलं त्यांनी विकून टाकलं, आणि आपली पोरं ते युद्धात चालवत होती. त्या वर्षांत सुटा भाग मिळाला नाही तर काय करायचे? कोणता भाग स्वतः बनवला? कोणता दुसऱ्या विमानाचा काढून लावला? कशाला ठाम नाही म्हटलं आणि विमान खालीच ठेवलं? भारतीय तंत्रज्ञानाच्या इतिहासातले हे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं आपल्या शहरात चालती-बोलती आहेत.

१९७१ च्या डिसेंबरात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती, ती धड स्थितीत नव्हती. तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते आणि तो बंद ठेवावा लागला होता. त्याचा विमानांशी काय संबंध, असं वाटेल. संबंध थेट आहे. विमान डेकवरून उडायला समोरून पुरेसा वारा लागतो, म्हणून जहाज वाऱ्याच्या दिशेने तोंड करून जोरात धावतं. वारा पडलेला असेल तर सगळी भिस्त जहाजाच्या वेगावर. विमानाला पुढे फेकणारं कॅटापल्ट वाफेवर चालायचं आणि ती वाफही त्याच बॉयलरांतून यायची. समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करायला लागायची तीही वाफच. विमानावरचं मीठ त्या गोड्या पाण्याने धुऊन काढायचं असायचं. एक बॉयलर बंद, की या सगळ्यांच्या वाटणीत ओढाताण. खाली बॉयलर रूममध्ये घामाने निथळणारा स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारा खलाशी, आणि वर डेकवर विमानाच्या पोटाखाली वाकलेला मेकॅनिक यांचं काम असं एकमेकांत गुंतलेलं होतं. हा भाग पुणेकरांनी जास्त आपला मानावा, कारण नौदलाच्या इंजिन विभागाचं शिक्षण जिथे होतं ती आयएनएस शिवाजी आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याला आहे, १९४५ पासून.

४ डिसेंबरला सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारच्या धावपट्टीवर हल्ला केला, मग चितगाववर. पुढचे दिवस विमानं जात राहिली, येत राहिली. काहींना खालून गोळ्या लागल्या, पण त्या मोहिमेत एकही सी हॉक गमावलं नाही. विक्रांतचे कॅप्टन स्वराज प्रकाश आणि स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं. ते त्यांचं हक्काचं होतं. गोळी लागलेलं विमान घेऊन डोलणाऱ्या डेकवर उतरणं म्हणजे काय, याची कल्पनाही आपल्याला करता येणार नाही. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. गोळी लागलेलं विमान उतरलं, मग लिफ्टने खाली हँगरमध्ये गेलं, आणि पुन्हा उडण्याजोगं होऊन वर आलं. मधल्या तासांत तिथे काय झालं?

हे विचारायला पाहिजे होतं, आणि ते कुणी विचारत नाही. एका शाळेने विजय दिवसाला चीफना बोलावलं होतं. शाल, श्रीफळ, मुलांच्या टाळ्या, सगळं मनापासून. मग सूत्रसंचालक बाईंनी विचारलं, “युद्धाच्या वेळी तुम्हाला काय वाटत होतं?” चीफ म्हणाले, “देशासाठी काम करतोय याचा अभिमान वाटत होता.” पुन्हा टाळ्या झाल्या आणि कार्यक्रम आटोपला. बाईंचा काही दोष नाही, त्यांच्याकडे दुसरा प्रश्नच नव्हता. दुसरा प्रश्न पडायला त्या कामाची माहिती लागते.

तेच चीफ एकदा आमच्या कार्यशाळेत आले. मी मुलांना लॉकवायरिंग शिकवत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: विमानाच्या इंजिनात थरथर एवढी असते की नुसता आवळलेला बोल्ट सैल व्हायला वेळ लागत नाही. म्हणून बोल्टच्या डोक्याला आरपार भोक पाडलेलं असतं. त्यातून स्टीलची बारीक तार ओवायची, दोन पदर एकमेकांभोवती पिळायचे आणि ती शेजारच्या बोल्टला अशी नेऊन बांधायची की हा सैल व्हायला लागला तर तो तारेने शेजारच्याला आवळण्याच्या दिशेने ओढेल. तार उलट्या बाजूने घातली तर दिसायला तशीच दिसते, पण ती काही कामाची नाही.

चीफनी पक्कड हातात घेतली. आधी तार बोटांत धरून किंचित ताणली, खरचटलेली आहे का ते नखाने पाहिलं. ओवली, पिळली. पीळ मोजत नव्हते, अंगठ्याला कळत होतं. शेवटचं टोक कापल्यावर उरलेली शेपटी वळवून आत दाबली, पुढच्याच्या हाताला कापू नये म्हणून. मग खाली वाकले आणि कापलेला तुकडा जमिनीवर शोधायला लागले. तुकडा नखाएवढा. मुलं म्हणाली, “राहू दे काका, झाडताना जाईल.” चीफ शोधत राहिले. सापडल्यावर शर्टाच्या खिशात टाकला आणि मग म्हणाले, “डेकवर हा राहिला तर इंजिनात जातो.”

आणि तिथून सुरुवात झाली. डेकवर सकाळी सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून रांगेने चालत एकेक खिळा, एकेक वॉशर कसा वेचायचा. काम संपल्यावर हत्यारं कापडावर मांडून कशी मोजायची, आणि एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान कसं सोडायचं नाही. अंगाने बारीक म्हणून कोणाचा हात कुठल्या फटीत जायचा. टॉर्च तोंडात धरून काम केल्यावर जबडा किती दुखायचा. बंगालच्या उपसागरात हँगरमध्ये उकडायचं किती. कॅटापल्टवर विमान चढवताना पोटाखाली वाकून जाड तारेचा स्ट्रॉप हुकांत अडकवायचा, मागून धरून ठेवणारा होल्डबॅक जोडायचा, आणि हे सगळं इंजिन सुरू असताना, हवा खेचणाऱ्या तोंडापासून हातभर अंतरावर. मुलं पीरियड संपल्याची घंटा विसरली. शाळेतल्या त्या व्यासपीठावर यातलं एक वाक्य आलं नव्हतं, कारण तिथे हातात पक्कड नव्हती आणि समोर बोल्ट नव्हता.

म्हणून म्हणतो, मुलाखत घ्यायला जाताना नुसता मोबाइल घेऊन जाऊ नका. लॉकवायर न्या, स्प्लिट पिन न्या, सी हॉकची मोठी आकृती छापून न्या आणि ती टेबलावर पसरून हातात पेन्सिल द्या. ‘तुम्हाला काय वाटलं’ हे विचारू नका, निदान सुरुवातीला नको. विचारा की इंजिन बाहेर काढायचं तर आधी काय काय सुटं करावं लागायचं. कोणता नट सगळ्यात छळायचा. पंख दुमडायच्या बिजागरीत मीठ साचायचं का, साचलं तर कसं काढायचे. इजेक्शन सीटच्या सेफ्टी पिना कोण काढायचं आणि काढल्या हे दुसऱ्याला कसं दाखवायचं. विमान उडायला ठीक आहे अशी लॉगमध्ये सही करताना कधी हात थांबला होता का. या शेवटच्या प्रश्नावर माणूस बराच वेळ बोलत नाही. तेव्हा घाई करू नका. मनातलं त्यानंतर येतं, आणि न विचारता येतं.

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी हे विचारू शकेल. पण त्याला उत्तर तपासता येणार नाही. पन्नास वर्षांपूर्वीची आठवण सरकते, दोन प्रसंग एकमेकांत मिसळतात, नंतर वाचलेलं स्वतः पाहिल्यासारखं वाटायला लागतं. कोणती गोष्ट त्याने स्वतः केली, कोणती ऐकली, हे वेगळं काढायचं शिक्षण इतिहासाच्या विद्यार्थ्याला मिळालेलं असतं. तारीख जुळते का, जहाज त्या दिवशी कुठे होतं, हे तो पाहील. आणि जमेल तिथे एका ट्रेडचे दोघे एकत्र बसवा. मी हे प्रत्यक्ष पाहिलं आहे: एक म्हणतो तो पॅनल डाव्या अंगाला उघडायचा, दुसरा म्हणतो छे, उजव्या, आणि दोघे हवेत हात फिरवून उभ्या विमानाभोवती चालल्यासारखं करत शेवटी एका उत्तरावर येतात. ती चर्चा जशीच्या तशी नोंदवा, तोडून-जोडून गुळगुळीत करू नका.

एक शंका येईल की यात काही गोपनीय निघालं तर? सी हॉक जाऊन चाळीस वर्षं उलटली. तरीही नौदलाला आधी कळवा, त्यांची रीतसर संमती घ्या आणि नोंदींची एक प्रत त्यांनाही द्या. दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात एक सी हॉक उभं आहे. त्याच्या शेजारी ते चालू ठेवणाऱ्यांचा आवाज ऐकायला मिळाला, तर ते विमान बघण्याची रीतच बदलेल. आपल्याकडे घोरपडीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मिग-२३ ठेवलेलं आहे. लोक मुलांना घेऊन जातात, फोटो काढतात, चांगलंच आहे. पण पत्रा बघून मुलाला वेग कळतो, काम कळत नाही.

जुनं जहाज तर आता नाहीच. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून होती आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. तिच्या धातूचा काही भाग वापरून २०१६ मध्ये आपल्याच पुण्याच्या बजाज ऑटोने मोटारसायकल काढली. चीफच्या मुलाने ती घेतली. बऱ्याच घरांत ती अशीच अभिमानाने आली असेल. मला त्या धातूबद्दल आदर आहे. पण धातू वितळवून पुन्हा घडवता येतो, अंगठ्याला कळणारा पीळ तसा साठवता येत नाही. तो दाखवणारा माणूस समोर असेपर्यंतच दिसतो.

पुण्याला हे काम नवं नाही, उलट हे पुण्याचंच काम आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुन्या दप्तरांसाठी गावोगाव फिरले. माळ्यावर, पेटाऱ्यात वाळवी लागत असलेले कागद त्यांनी लोकांच्या हातापाया पडून मिळवले, आणि १९१० मध्ये याच शहरात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. तेव्हा लोक विचारत असतील की वाण्याची यादी आणि घोड्याच्या चंदीचा हिशेब कशाला हवा? आज त्याच कागदांवरून आपण पेशवाईतल्या फौजेचं खाणंपिणं सांगतो. लढाई कोणी जिंकली हे बखरीत असतं. घोड्याला नाल कोणी मारला हे दप्तरात सापडतं. आमच्या चीफकडे असं दप्तर नाही, त्यांनी कागदावर काही लिहून ठेवलेलं नाही. त्यांची बायको म्हणते, पत्रंसुद्धा चार ओळींची यायची, खुशाल आहे, पैसे पाठवले आहेत. तिच्याशीही बोला. गोव्यात वास्कोच्या क्वार्टरमध्ये धाकटं मूल घेऊन डिसेंबरचे ते दिवस तिने रेडिओजवळ काढले. जहाज कुठे आहे हे तिला कुणी सांगत नव्हतं आणि तिने कुणाला विचारायचंही नव्हतं. विमान उडतं ठेवणाऱ्यांत तिलाही धरायला हवं.

खर्च फारसा नाही. प्रकल्पाचे गुण द्या, म्हणजे विद्यार्थी येतील. दोन विभागांच्या वेळापत्रकाचा मेळ घालणं हीच मोठी अडचण ठरेल, हे मला नोकरीतल्या अनुभवावरून माहीत आहे, म्हणून तुम्हा प्रमुखांनाच थेट लिहितो आहे. एकमेकांच्या केबिनमध्ये जाऊन चहा घ्या आणि तिथेच ठरवून टाका. पुढच्या सत्राची वाट पाहू नका. आमच्या छोट्या गटातली एक खुर्ची या वर्षी रिकामी झाली. ते ऑर्डनन्सचे होते, तोफांचे. सी हॉकची हिस्पॅनो तोफ अडकली तर कशी मोकळी करायची, हे नीट सांगू शकणारा दुसरा कुणी मला अजून भेटलेला नाही.

माझ्याकडून जे होईल ते मी करीन. लॉकवायर, भोकं पाडलेले बोल्ट, पकडी, सगळं घेऊन येईन. विद्यार्थ्यांना जाण्याआधी एक दिवस माझ्याकडे पाठवा, कोणत्या हत्याराला काय म्हणतात आणि ते कसं धरतात हे दाखवून ठेवतो. चीफ आणि त्यांचे एक सोबती पहिल्या बैठकीला यायला तयार आहेत. दोघांचे गुडघे दुखतात, तेव्हा खोली तळमजल्यावरची बघा. चीफना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, विचारणाऱ्याने उजव्या बाजूला बसावं. वेळ सकाळी दहानंतरची ठेवा, आणि टेबल मोठं असू द्या, आकृती पूर्ण उलगडेल एवढं.

आपला,
फिटर ट्रेडचा एक निवृत्त शिल्पनिदेशक
चिंचवड, पुणे